न दुखणाऱ्या पायांसाठी

आमच्या मंडळीच्या नाताळ अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "इस्तेरबाई, यंदाचा विषय आहे देवावर पूर्ण मनानं प्रीती. तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "साहेब, मनाबद्दल पाळकसाहेबांना सांगा. मला फार तर पायांबद्दल लिहिता येईल."

त्यांनी चहा संपवला, हसले आणि "मग पायांबद्दलच लिहा" म्हणून गाडीला किक मारून निघून गेले. तेव्हा हे पायांबद्दल आहे.

मी चपला बनवत होते. गोंदियाच्या बाहेर एका मिशनच्या दवाखान्यात, कुष्ठरोग होऊन गेलेल्या माणसांसाठी. सगळी नोकरी त्या एकाच खोलीत गेली. रबराचा आणि डिंकासारख्या सोल्यूशनचा वास अजून माझ्या जुन्या साड्यांना आहे, असं सून म्हणते.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगावं लागतं. कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. गोळ्या फुकट मिळतात, आणि त्या सुरू झाल्या की त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही. पण माणूस उशिरा आला तर रोग जातो आणि बधिरपणा मागे राहतो. तळपायाला काही कळत नाही. काटा कळत नाही, चटका कळत नाही. एक म्हातारे शेतकरी चपलेतून आत आलेल्या खिळ्यावर बाजारभर फिरले होते. अंगणात रक्ताचे ठसे दिसले तेव्हा बायको ओरडली. ते म्हणाले, "कोनाचं रक्त आहे वो?"

लोकांना वाटतं, हा रोग बोटं खातो. रोग खात नाही. न कळलेल्या जखमा खातात. दुखणं ही देवानं दिलेली केवढी मोठी राखण आहे, ते या माणसांच्या पायांकडे पाहून मला समजलं.

तर अशा पायांसाठी चप्पल. आत मऊ रबर, म्हणजे भार सगळ्या तळव्यावर सारखा पडतो. खाली कडक रबर, म्हणजे काटा वर येत नाही. मागे टाचेला पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला पत्ता लागत नाही. आणि खिळा एकही नाही. सगळं चिकटवायचं आणि शिवायचं.

बाजारातल्या दुकानदाराचं बरं असतं. गिऱ्हाईक चार पावलं चालतं आणि सांगतं, इथे चावते. माझं गिऱ्हाईक कधीच तक्रार करत नसे. चप्पल चावत असली तरी ते "लय बेस झाली बाई" म्हणून हसत घरी जायचं, आणि परत यायचं ते जखम घेऊन. त्यामुळे त्याला जे कळत नाही ते सगळं आपल्याला कळलं पाहिजे.

हे मला थॉमसकाकांनी शिकवलं. ते स्वतः जुने रोगी. बरे झाले होते, पण बोटं वळलेली आणि हात बधिर. तरी चपला शिवायचे, आणि अशा शिवायचे की पाहत राहावं. जोड तयार झाला की तो तोंडाजवळ न्यायचे आणि आतली बाजू गालावरून फिरवायचे. हाताला टाक्याचं टोक कळत नसे, गालाला कळे. मी नवी होते, मला हसू आलं. ते म्हणाले, "हस पोरी. पण मी मेल्यावर इथे कोणी तपासायला येणार नाही. डॉक्टर पाय तपासतात, चप्पल नाही. घालणाऱ्याला कळत नाही. मग कळतं कोणाला? फक्त प्रभूला. म्हणून त्याच्यासाठी शिवायची."

त्यांनी मला केलेलं प्रवचन एवढंच. पुढे तेही वारले. माझे हात धडधाकट, पण मीसुद्धा प्रत्येक जोड गालावरून फिरवल्याशिवाय कोणाला दिला नाही. माझ्या हातच्या चपलेनं कोणाचा पाय गेला, असं कधी झालं नाही. हे मी छाती काढून सांगते. गर्व करू नये असं दर रविवारी ऐकते, पण एवढा एक प्रभूनं मला माफ करावा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. गोंदियाच्या बाजारातले एक कापडवाले सेठ मागच्या दारानं यायचे, तोंडाला रुमाल बांधून. आमची काळी चप्पल त्या वेळी सगळ्या जिल्ह्यात ओळखू यायची. ती पायात दिसली की लोक शेजारून उठायचे. कितीतरी बाया ती पिशवीत घालून अनवाणी यायच्या आणि दवाखान्याच्या फाटकाशी पायात चढवायच्या. सेठ म्हणाले, "बहनजी, दुकान पे बैठना पडता है. ऐसी बना दो कि कोई पहचाने नहीं."

मी बाजारात जाऊन चांगल्या दुकानातली मर्दानी सॅंडल पाहून आले आणि तशीच दिसेल अशी बनवली. तपकिरी, वर शिलाईची नक्षी, पोटात तेच मऊ रबर. सेठनी ती घातली, आरशात पाहिली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. त्यानंतर मी काळं रबर वरून दिसू दिलंच नाही. आता गंमत अशी, की शुगरवाल्यांचेही पाय बधिर होतात, म्हणून डॉक्टर त्यांना तीच चप्पल लिहून देतात. ते लोक गाडीतून उतरून जोरात विचारतात, "वो नरम वाली चप्पल कहाँ मिलती है?" रबर तेच. कोणाच्या दुखण्याची लाज बाळगायची, हे माणसं ठरवतात.

आता सोमाजीभाऊंचं सांगते.

सोमाजी उईके सालेकसा तालुक्यातले गोंड शेतकरी. जंगलाच्या कडेला थोडी धानाची शेती. उंच, कमी बोलणारे. गोळ्यांनी रोग गेलेला, पण दोन्ही तळवे बधिर, आणि डाव्या पायाला अंगठ्याखाली जखम. ती भरायची आणि रोवणीच्या चिखलात पुन्हा उघडायची. एका वर्षी ती हाडापर्यंत गेली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पाय वाचेल असं वाटत नाही, तरी प्रयत्न करू. पायाला प्लास्टर घालून त्यांना वॉर्डात ठेवलं. त्यांची बायको फुलवंताबाई खाटेजवळच बसून असायची.

पाय वाचला. प्लास्टर निघालं तेव्हा जखमेच्या जागी गुलाबी, नवी कातडी होती; तिच्यावर अजून पट्टी बांधावी लागायची. वॉर्डातल्या सकाळच्या प्रार्थनेत आम्ही प्रभूचे आभार मानले. डॉक्टर मॅडम आपल्या प्लास्टरवर खूश होत्या. आणि सोमाजीभाऊ माझ्या खोलीत चपलेचं माप द्यायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, मी कचारगडाले बोललो होतो. पाय राहिला त माघातल्या जत्रेले अनवानी गड चढीन. आता जाऊन राहिलो."

मी हातातलं माप खाली ठेवलं. कचारगड आमच्या जिल्ह्यातला गुहांचा डोंगर, गोंड समाजाचं मोठं देवस्थान. वाट दगडांची, काट्यांची. आणि हा माणूस तिथे नव्या, पातळ कातडीचे, काहीही न कळणारे पाय घेऊन अनवाणी जाणार.

"सोमाजीभाऊ, पाय वाचला म्हणून नवस केला. नवस फेडताना पाय गेला तर?"

"त ज्यानं देल्ला त्यालेच देल्ला म्हनीन."

"देवानं मागितला का तुम्हाला पाय?"

"मागतला नाई. मीच बोललो." मग त्यांनीच मला विचारलं, "बाई, तुमी गिरजात चप्पल घालून जाता का?"

"नाही. दाराशी काढते."

"मंग मले काऊन सांगता? पायात रबर घालून गेलो त देवाले काय म्हनू? तुयावर भरोसा आहे, पन थोडा रबरावरबी आहे? अर्ध्या मनानं कसा जाऊ?"

पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं देवावर प्रीती करा, हे मी लहानपणापासून चर्चच्या बाकावर बसून ऐकत आले. आणि माझ्यासमोर स्टुलावर बसलेला हा माणूस, दुसऱ्या देवाचा, तेच सांगत होता आणि त्यासाठी पाय द्यायला तयार होता. मला त्याचा राग आला होता, आणि मनातून मी त्याला मानतही होते.

डॉक्टर मॅडमनी त्यांना समजावलं, रागावल्या. ते नाही म्हणून मान हलवत राहिले. शेवटी मॅडम मला म्हणाल्या, "तो जाणारच. तुला काही सुचतं का बघ."

सुचलं फुलवंताबाईला. ती दाराशी उभी होती. नवऱ्याला म्हणाली, "चप्पल नाई घालत त नको घालू. पन पायाले पट्टी त राहीलच ना? जखमेची पट्टी काढून जाशील का?"

सोमाजीभाऊंनी विचार केला. "पट्टी राहील. पट्टी काऊन काढू?"

मी त्याच दिवशी कामाला लागले. मऊ रबराची पातळ चकती पायाच्या मापानं कापली. तिच्या खाली कडक रबराचा एक थर. दोन्ही बाजूंनी जाड सुती कापडाचे थर देऊन सगळं शिवलं, गोधडी शिवतात तसं. वर कापडाच्या रुंद पट्ट्या, घोट्यापर्यंत गुंडाळून बांधायच्या. पहिली फार जाड झाली. दुसरी चालताना सरकेल असं वाटलं. तिसरी जमेल असं दिसलं, पण जत्रा आली आणि ती दोन्ही पायांसाठी शिवायला मला रविवारच उरला.

घरी सासूबाई. आम्ही कुडव्याला राहतो. रविवारी आमच्या घरात सुई, कात्री, विळी सगळं बंद. भाजीसुद्धा शनिवारी चिरून ठेवायची. पहाटे उठून गुडघे टेकणाऱ्या बाई त्या. मला ओसरीत रबर घेऊन बसलेलं पाहिलं आणि पदर सावरत थांबल्या.

"इस्तेर, आज प्रभूचा दिवस आहे. चर्चची वेळ झाली. हातात सुई कायले?"

मी सगळं सांगितलं. नवस, डोंगर, पट्टी. लपवलं काही नाही.

"म्हणजे दुसऱ्याच्या देवाच्या वाटेसाठी तू आपल्या देवाचा दिवस मोडून राहिली?"

"आई, वाट त्यांची आहे. पाय मात्र प्रभूनं माझ्या हातात दिले. अर्धवट शिवलं आणि पाय गेला, तर मी पुढच्या रविवारी प्रार्थनेत काय तोंड दाखवू?"

त्यांनी छत्री उचलली आणि एकट्याच निघून गेल्या. त्या नाराज होऊन गेल्या हे मला कळलं होतं, आणि टाका घालताना माझे डोळे भरून येत होते. त्या घरात मी कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते.

दुपारी शेजारच्या रूथकडून कळलं. उपासनेत बाया मोठ्यानं प्रार्थना करतात तेव्हा सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "प्रभू, सोमाजी नावाचा माणूस आहे. मी त्याले पाहिलं नाही. तुले ठाऊक आहे. त्याचे पाय सांभाळ, अन् माझ्या सुनेचे हात." सगळी मंडळी आमेन म्हणाली. घरी आल्या तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "जेवलीस का?"

सोमाजीभाऊ पट्टी घ्यायला आले. मी त्यांच्यासमोर ती उलटी करून दाखवली. "यात रबर आहे. मी लपवणार नाही. चालत असेल तर घ्या."

त्यांनी ती हातात घेऊन वळवून पाहिली. "याले अंगठा नाई, पट्टा नाई. ही पट्टीच होय." मग विचारलं, "कोन्या देवाचं नाव घेऊन शिवली?"

"माझ्या प्रभूचं."

"चालते," ते म्हणाले.

मी सोबत गेले. रजा टाकली आणि गोंदियाहून गाडीनं दरेकशाला उतरले. डबा जत्रेच्या लोकांनी भरलेला, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी सगळं एकत्र ऐकू येत होतं. डोंगराच्या पायथ्याशी मी त्यांच्या पायांना पट्ट्या बांधल्या, दोन बोटं आत जातील इतक्या सैल. मग ते पुढे, फुलवंताबाई त्यांच्या मागे आणि तिच्या मागे मी.

कचारगड कसा आहे, असं मला लोक विचारतात. मला ठाऊक नाही. मी डोंगर पाहिलाच नाही. सगळी वाट मी फक्त दोन टाचा पाहत होते. टाच सरळ पडते का, पाय फरफटतो का, पट्टी सरकते का, कापडाला ओल दिसते का. ते लहान पावलं टाकत होते, मी शिकवली होती तशी. मोठं पाऊल टाकलं की सगळा भार पुढच्या तळव्यावर येतो. मध्ये ते एकदा थांबले आणि मागे न पाहता म्हणाले, "बाई, बराबर चालून राहिलो ना?"

"बरोबर. घाई करू नका."

वर गुहेत ते दोघं आत गेले. मी बाहेर एका खडकावर बसले. लोक येत होते, जात होते, आतून वाजंत्र्याचा आवाज येत होता. मी डोळे मिटले आणि माझ्या प्रभूला हाक मारली. मागणं एकच होतं. त्या प्रार्थनेत दुसरा विचार शिरला नाही. एरवी माझी प्रार्थना म्हणजे वरण उतू चाललंय, सोल्यूशनचा डबा संपत आलाय, असलं सगळं मिसळलेली असते. त्या खडकावर मात्र मी पूर्ण होते.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला काही विचारावंसं वाटलं नाही.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट. पाय पुढे सरकतो. शेवटी शेवटी डाव्या पट्टीचं कापड टाचेशी फाटलेलं मला दिसत होतं, पण मधल्या वाटेत सोडून बांधायला जागा नव्हती. खाली पोचल्यावर मी त्यांना झाडाखाली बसवलं आणि हातपंपावरून पाणी आणलं. मग पट्ट्या सोडल्या. फुलवंताबाईनं तोंडावर पदर धरला होता.

डाव्या चकतीत दगडाची एक धारदार कपची रुतली होती. कापड फाडून, कडक रबरातून वर येऊन ती मऊ रबरात थांबली होती. मी पाय धुतले. बोटांच्या मधून, घड्यांमधून, नव्या कातडीवरून हळूहळू पाणी फिरवलं. रक्त नाही. फोड नाही. मग हाताची उलटी बाजू तळव्यावर ठेवली. आमच्या कामात हे शेवटचं तपासणं असतं. वरून चांगली दिसणारी जागा गरम लागली, तर आत दुखापत झालेली असते. अंगठ्याखाली गरम लागली.

"काय झालं?" फुलवंताबाईनं विचारलं.

"थोडं आत दुखावलंय. जखम नाही. पण आठ दिवस पाय खाली टेकायचा नाही. खाटेवर बसून जेवायचं, समजलं ना?"

"आठ दिवस?" सोमाजीभाऊ म्हणाले. "धानाचं काम पडलं आहे."

"देवाचं झालं ना? आता माझं ऐका."

पहिल्यांदाच ते मोकळे हसले. "ऐकतो. तुमी माह्यं ऐकलं."

आणि त्यांनी ऐकलं. पायथ्यापासून रस्त्यापर्यंत त्यांना जत्रेला आलेल्या त्यांच्या दोन भाच्यांनी पाठीवर घेतलं. आठ दिवसांनी मी त्यांच्या गावी जाऊन हात लावून पाहिला. दोन्ही पाय सारखे गार होते. ती जखम पुन्हा उघडली नाही. पुढे चिखलात उतरताना ते लांब रबरी बूट घालू लागले आणि बांधावर आले की माझी चप्पल.

मला हळहळ आहे ती वेगळीच. त्या पायांना कळेनासं होण्याच्या आधी ते आमच्याकडे आले असते, तर यातलं काहीच लागलं नसतं. सोमाजीभाऊंच्या पाठीवरचा फिकट चट्टा, या रोगाची पहिली खूण, लहानपणापासून घरात सगळ्यांनी पाहिलेला. तो दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून कोणी बोललं नाही. असे किती पाय माझ्यापर्यंत उशिरा आले, त्या प्रत्येकासाठी मी चांगली चप्पल शिवली आणि प्रत्येक वेळी मनात चुटपुट राहिली.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी एका सकाळी सोमाजीभाऊ दवाखान्यात आले. सोबत त्यांच्या गावचे चौघे जण होते. एका घरची सून, एक शाळेत जाणारी मुलगी, दोन गडी. चौघंही भिंतीकडे तोंड करून उभे.

झालं असं होतं, की गावच्या एका बैठकीत कोणीतरी त्यांच्या पट्टीबद्दल विचारलं. एरवी ते गप्प बसले असते. त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "मले कुष्ठरोग झाला होता. गोळ्या खाल्ल्या, गेला. तुमच्या डोऱ्यासमोर गड चढलो. आता ज्याच्या आंगावर न खाजणारा चट्टा असन, त्यानं माह्यासंग चला. मी दारापरेंत नेतो." आणि ज्यांनी वर्षानुवर्षं पोलक्याखाली, सदऱ्याखाली लपवलं होतं, ते त्यांच्या मागून आले.

डॉक्टर मॅडमनी चौघांना तपासलं. मी दाराशी उभी होते. त्यांच्या तळव्यांवरून पेनाचं टोक फिरवलं की ती मुलगी गुदगुल्या झाल्यासारखी पाय आखडून घ्यायची आणि खिदळायची. तिला कळत होतं. चौघांनाही कळत होतं. गोळ्या सुरू झाल्या, पूर्ण झाल्या, चट्टे गेले.

माझ्या हातून शेकडो जोड गेले असतील, आणि सगळ्यांचा मला अभिमान आहे. पण त्या चौघांपैकी कोणालाही माझी चप्पल कधी लागली नाही. ती मुलगी आता सालेकशाच्या बाजारातून स्वतःच्या पसंतीची सॅंडल घेते, आणि चावली की दुकानदाराशी भांडते.